ऑक्टोबरअखेर परदेशातून गावी येणाऱ्या मुलांसाठी काय काय करता येईल?

प्रश्न: दारव्ह्याची मोठी आई

सर्वांना नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आमचे एकत्र कुटुंब राहते आणि घरची कोरडवाहू शेती आहे. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त बरीच वर्षे आयर्लंडमध्ये, डब्लिन शहरात असतात. त्यांची मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा आहे. तेथील शाळांना ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हॅलोवीनची सुट्टी असते. ती धरून मुले कोजागिरीच्या आदल्या दिवशी येथे पोहोचतील आणि १ नोव्हेंबरला परत निघतील. यंदा अधिक मासामुळे सगळे सण पुढे गेले असल्याने दिवाळी त्यांच्या वाट्याला येणार नाही, आणि ३१ ऑक्टोबरचा त्यांचा हॅलोवीनही त्यांच्या मित्रमंडळींविना जाणार आहे. ‘लेकरं दोन्हीकडून उपाशी राहतील’ अशी सासूबाईंची तक्रार तेव्हापासून सुरू आहे.

मुलांनी फोनवर आपली यादी सांगून ठेवली आहे. त्यांना कोहळ्याला (म्हणजे लाल भोपळ्याला) डोळे-तोंड कोरून आत दिवा लावायचा आहे, वेष करायचे आहेत, अंधारात घरोघर जाऊन खाऊ मागायचा आहे आणि भुताच्या गोष्टी ऐकायच्या आहेत. माझ्या स्वतःच्या दोन्ही मुलांनाही आता तेच हवे आहे, कारण तालुक्याच्या त्यांच्या शाळेने त्या सुमारास भुताचा वेष करून येण्याची सूचना आधीच काढली आहे. एका संध्याकाळीपुरता तो तयार पोशाख विकत घ्यावा असे मला मुळीच वाटत नाही. दुसरीकडे, आमचे मामंजी म्हणतात की दिवाळी तोंडावर असताना घरात भुताखेताचे सोंग आणू नये. त्यांचे मन मोडून काही करण्याची माझी इच्छा नाही.

अडचण वेळेचीही आहे. सोयाबीन तोवर सोंगून आणि काढून झालेले असेल, परंतु कापसाची वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी ऐन भरात असेल, त्यामुळे मोठ्या माणसांना एखादी संध्याकाळ किंवा फार तर अर्धा दिवस मोकळा मिळेल. अशा बेताने, थोड्या खर्चात, चारही मुलांना एकत्र गुंतवता येईल असे काही आपण सुचवावे. ताडोब्याला नेणे या दिवसांत योग्य आहे का, तेही कळवावे. नागपूरचा मॉल आणि रिसॉर्ट कृपया सुचवू नयेत, ते त्यांच्याकडे पुष्कळ आहेत.

उत्तर: मोर्शीचे गुरुजी

ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो असून आता संत्र्याची बाग पाहतो. तुमच्या यादीतील घरोघर जाण्याची हौस कोजागिरीलाच भागते, कारण त्या रात्री भुलाबाईचा शेवटचा दिवस असतो. भाद्रपदातील पौर्णिमेपासून महिनाभर आपल्याकडच्या मुली ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई, भुलोजी आणि गणपती मांडून रोज संध्याकाळी एकेका घरी गाणी म्हणतात आणि गाणी संपली की झाकलेली खिरापत ओळखायची असते. पाहुण्या मुलीला गाणी येणार नाहीत, हे खरे आहे. परंतु खिरापत ओळखण्याच्या खेळाला भाषा फारशी लागत नाही. गोड की तिखट, कुरकुरीत की मऊ, दाताखाली येणारे की जिभेवर विरघळणारे, इतके विचारता आले तरी पुरते. बंद डबा कानाशी नेऊन हलवून पाहण्याची मुभा तिला द्यावी. आमच्या गल्लीत लहानांना ती असते. खिरापत ओळखता आली नाही म्हणजे घरची बाई जिंकली, असा हा सामना असल्याने बायका आठ दिवस आधीपासून पदार्थाची लपवाछपवी करतात. तुमच्याकडे मुलांनी एक खिरापत स्वतः ठरवावी आणि गल्लीतल्या मुलींना ओळखू देऊ नये, म्हणजे त्यांना खाऊ घेण्याबरोबर देण्याचीही गंमत कळेल. त्याच रात्री ज्येष्ठ अपत्याला ओवाळायचे असते, तेव्हा डब्लिनच्या ताईसाहेबांना मान मिळेल. धाकट्याचे तोंड वाकडे होऊ नये म्हणून आटीव दुधाचा पहिला पेला त्याला द्यावा.

आता वेष आणि भीती यांच्याविषयी. मामंजींचे म्हणणे मला पटते, आणि मुलांची हौसही पटते. दोघांचे समाधान होईल अशी एकच गोष्ट शेतात आहे, ती म्हणजे बुजगावणे. हरभरा पेरला की डुकरे आणि रोही (नीलगाय) यांचा त्रास सुरू होतोच, त्यामुळे हे सोंग नसून काम आहे, असे मामंजींना सांगता येते. दोन-दोन मुलांच्या जोड्या पाडाव्यात आणि प्रत्येक जोडीत एक गावचे व एक डब्लिनचे मूल असावे. मागच्या हंगामातल्या तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांची मोळी घरी असेलच. तिच्यातील दोन जाड तुराट्या सुतळीने आडव्या-उभ्या बांधल्या की सांगाडा होतो. उभा दांडा मात्र बांबूचा किंवा बाभळीचा घ्यावा, कारण वाऱ्याने तुराटी मोडते. त्यावर मामंजींचा जुना सदरा चढवून आत सोयाबीनचे कुटार (भुसा) दाबून भरावे. कुटार अंगाला खाजते, म्हणून हे काम करताना मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. डोक्यासाठी तडा गेलेले मडके घेऊन ते चुलीवर बाहेरून काळे करावे आणि त्यावर ओल्या चुन्याने डोळे व दात काढावेत. चुना मोठ्या माणसाने हाताळावा किंवा त्याऐवजी पांढरी माती वापरावी, कारण डोळ्यांत गेल्यास इजा होते. दात किती काढायचे यावर माझ्या नातवंडांमध्ये भांडण झाले होते आणि शेवटी त्या बुजगावण्याला वरच्या ओळीत तेरा आणि खाली चार दात मिळाले. शेजारचा गडी तिन्हीसांजेला पाण्याची मोटार बंद करायला गेला तेव्हा त्याने खरोखर बॅटरी फेकली होती.

प्रामाणिकपणे सांगायचे तर डुक्कर या प्रकाराला फार दिवस भीत नाही. दोन-तीन रात्रींनंतर ते बुजगावण्याच्या पायाशीच उकरते. म्हणून तर आपण धुऱ्याने (शेताच्या बांधाने) जुन्या लुगड्यांचे कुंपण बांधतो. मुलांना हेही दाखवावे, कारण हिरव्या हरभऱ्याच्या कडेने फडफडणारी जांभळी, पोपटी, किरमिजी लुगडी पाहून ती सजावट आहे असेच परक्या माणसाला वाटते. बुजगावण्याच्या हाताला जुन्या कॅसेटची फीत बांधली तर ती वाऱ्यावर वाजते आणि उन्हात चमकते, त्याने पाखरे तरी थोडी बिचकतात.

ताडोब्याविषयी थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात बंद असलेला गाभा भाग १ ऑक्टोबरला उघडतो, परंतु त्या महिन्यात गवत उंच आणि पाणी जागोजागी असते, म्हणून वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्याच्या मानाने कमी असते, आणि तुमच्याकडून तो पल्लाही लांब पडतो. जंगल दाखवायचेच असेल तर तुमच्याच जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य जवळ आहे. जाण्यापूर्वी मुलांना तेथल्या वाघाची हकीकत सांगावी. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण नर २०१९ च्या जून महिन्यात टिपेश्वरातून निघाला आणि तेलंगणाच्या सीमेपलीकडे जाऊन-येऊन, शेते, नाले, महामार्ग ओलांडत त्या वर्षाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सगळा फेरफटका मिळून त्याची चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरली. नकाशा अंगणात खडूने काढून ही वाट मुलांकडून चालवून घेतली तर प्रत्यक्ष वाघ दिसला नाही तरी चालते.

उत्तर: झाडीपट्टीकर, साकोली

गुरुजींचे बुजगावणे उत्तम आहे. आमच्या भंडारा-गोंदियाकडे भाऊबीजेपासून गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य आणि झाडीपट्टीची (आमच्या पूर्व विदर्भाची) नाटके होतात, वडसा येथील नाटक मंडळ्यांच्या तारखा दिवाळीच्या आधीच भरून गेलेल्या असतात. आपल्या पाहुण्यांची ही सारी धमाल थोडक्यात हुकते आहे, याचे वाईट वाटते. सोंग, रंग, राक्षस, मध्यरात्रीपर्यंत जागरण आणि हातात गरम भजी, हे सर्व तिथे एका तिकिटात मिळाले असते. पुढच्या खेपेस त्यांनी सुट्टी पंधरा दिवस पुढे ढकलावी.

सध्यापुरते दोन गोष्टी सुचवतो. पहिली म्हणजे कुंभाराचे घर. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात त्याच्याकडे पणत्यांची घाई असते, त्यामुळे सकाळी लवकर आणि आधी विचारून जावे. एका बैठकीत चाकावरून ओळीने उतरणाऱ्या पणत्या, दोऱ्याने कापून वेगळी होणारी प्रत्येक पणती आणि तिच्या बुडाशी राहणारी दोऱ्याची गोल रेघ मुले तास-दीड तास पाहत बसतात, हा माझ्या घरचा अनुभव आहे. कुंभाराला सांगून भाजण्यापूर्वीच्या, थोड्या सुकलेल्या लहान मडक्यांना मुलांकडून भोके पाडून घ्यावीत. डोळे, नाक, दात, नुसत्या चांदण्या, जे हवे ते पाडू द्यावे. फार जवळजवळ भोके पाडली तर भट्टीत मडके तडकते, म्हणून दोन भोकांमध्ये बोटभर माती राहू द्यावी. भट्टी लागायला आणि निवायला दिवस जातात, तेव्हा मुले आल्या आल्या, पहिल्या दोन दिवसांतच हे उरकावे. भाजलेले मडके आत पणती ठेवून ३१ तारखेला ओट्यावर मांडता येते आणि कोहळ्यासारखे सडत नाही. त्यात भुताचा संबंध आहे की नाही, हे मामंजींनी कोणते तोंड पाहिले त्यावर अवलंबून राहील.

दुसरी गोष्ट म्हणजे खाणे. आमच्याकडे माजी मालगुजारी (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या) तलावांत मासेमारी करणारे ढिवर बांधव या दिवसांत शिंगाडे काढतात. तुमच्याकडच्या आठवडी बाजारातही उकडलेले काळे शिंगाडे येत असावेत. त्यांचा आकार शिंगे असलेल्या राक्षसाच्या डोक्यासारखा असल्याने मुले आधी खेळतात आणि मग खातात. काटे टोचतात, तेवढी काळजी घ्यावी. सीताफळाच्या बियांचे ढीग मोजण्याची स्पर्धा लावावी. ही स्पर्धा आमच्या घरात वयाच्या अटीशिवाय चालते.

उत्तर: आरोग्यसेविका, गडचिरोली

मोठी आई, वरील सूचना चांगल्या आहेत. परंतु वेषाविषयी माझे मत थोडे निराळे आहे आणि ते स्पष्ट मांडणे मला आवश्यक वाटते. भूत, सांगाडा, वटवाघूळ, पांढरी चादर यांपैकी काहीही मुलांनी व्हावे, त्याला माझी हरकत नाही. चेटकिणीचा वेष मात्र गावात करू नये. आयर्लंड-अमेरिकेत ती आता टोपी आणि झाडूची गोष्ट उरली आहे. आमच्या भागात एखाद्या एकट्या म्हाताऱ्या बाईवर करणीचा संशय घेऊन तिला मारहाण झाल्याच्या बातम्या आजही येतात. त्यासाठी राज्याला २०१३ मध्ये जादूटोणा प्रतिबंधक कायदा करावा लागला. लहान मुलांनी गमतीने एखाद्या घराकडे बोट दाखवून ‘इथे चेटकीण राहते’ म्हटले, तर त्या घरातल्या बाईला ते किती महागात पडू शकते, हे मी कामावर असताना पाहिले आहे. शाळेच्या सूचनेविषयीही तुम्ही शिक्षकांशी याच मुद्द्यावर बोलावे, असे मला वाटते.

भुताच्या गोष्टी जरूर सांगाव्यात, कारण चकवा, मुंजा आणि हडळ यांच्याशिवाय आपल्याकडची रात्र पुरी होत नाही. माझे वडील गोष्ट संपली की चकव्याचा उलगडाही सांगत असत. धुक्यात किंवा काळोखात खुणेचे झाड दिसत नाही, सरळ चालतो आहोत असे वाटत असताना माणसाची चाल एका बाजूला वळत जाते आणि तो फिरून त्याच धुऱ्यावर येतो. डोळे बांधून मोकळ्या वावरात मुलांना पन्नास पावले सरळ चालायला सांगा. चारही मुले चार दिशांना जातील आणि चकवा त्यांना कायमचा समजेल. हा खेळ दिवसा खेळावा आणि विहिरीपासून लांब खेळावा.

रात्रीविषयी दोन सूचना माझ्या कामामुळे कराव्या लागतात. ऑक्टोबरात सोंगणीनंतर उंदीर कुटाराच्या ढिगाकडे येतात आणि त्यांच्यामागे साप येतात. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून उपचाराला उशीर होतो. अंधारात बाहेर पडताना मुलांच्या पायांत बंद बूट असावेत, हातात बॅटरी असावी, आणि कुटाराच्या गंजीवर उड्या मारण्याचा खेळ संध्याकाळनंतर बंद असावा. दंशाचा नुसता संशय आला तरी मांत्रिकाकडे न जाता, पाय फार न हलवता, थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे स्क्रब टायफस. झुडपी गवतातल्या अतिशय सूक्ष्म किडीच्या अळ्या चावल्याने हा ताप येतो आणि पावसाळ्याच्या शेवटी विदर्भात त्याचे रुग्ण आढळतात. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. गवतात बसताना सतरंजी घ्यावी आणि घरी आल्यावर मुलांना आंघोळ घालून कपडे बदलावेत. परत गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत मुलांना ताप आला, तर आपण गावी शेतात होतो हे जाऊबाईंनी तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यांच्या डोक्यात हा आजार एरवी येणार नाही.

इतके वाचून मुलांना घरात कोंडू नका. बूट आणि बॅटरी असली की पुरे.

उत्तर: आकाशवेडा, वाशीम

मला आश्चर्य वाटते की आकाशाचा उल्लेख कोणीच केला नाही. डब्लिनच्या मुलांना शहराच्या उजेडात आणि ढगांत जे दिसत नाही ते तुमच्या अंगणात फुकट आहे. कोजागिरीला चंद्राच्या प्रकाशात तारे फिके पडतात, म्हणून ती रात्र दुधाला द्यावी. पुढे चंद्र रोज साधारण पाऊण तासाने उशिरा उगवतो, त्यामुळे ३१ तारखेला सायंकाळी सातपासून जवळजवळ साडेनऊपर्यंत गडद काळोख मिळतो.

त्या वेळी अंगणात बाज टाकून मुलांना उताणे झोपवावे आणि घरातले व रस्त्यावरचे शक्य तेवढे दिवे बंद करावेत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे तरी लागतात, आणि तेवढ्यात कोणी मोबाइल उघडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. डोक्यावर, किंचित पूर्वेला, चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा या दोन नक्षत्रांचे ते तारे आहेत. ईशान्येकडे पाच ताऱ्यांची वेडीवाकडी शर्मिष्ठा आहे. चौकोन आणि शर्मिष्ठा यांच्या मधल्या पट्ट्यात देवयानी असून तिच्यात धुरकट पुसट ठिपका दिसतो, ती आपल्या आकाशगंगेबाहेरची, सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूरची दुसरी दीर्घिका (आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह) आहे. नुसत्या डोळ्यांनी माणसाला दिसणाऱ्या अतिदूरच्या वस्तूंपैकी ती एक आहे. थेट न पाहता थोडे बाजूला पाहिले तर ठिपका अधिक ठळक दिसतो. पूर्वेला कृत्तिकांचा घोस तोवर वर आलेला असेल. त्यात किती तारे दिसतात ते प्रत्येकाने गुपचूप मोजावे आणि मग सांगावे. आजोबांपेक्षा नातवाचा आकडा मोठा निघतो आणि त्यावरून मजेदार वाद होतो.

भुताची गोष्ट नको असेल तर येथेच शर्मिष्ठा आणि देवयानीची गोष्ट आहे. दोघी मैत्रिणी, कपड्यांवरून भांडण, एकीने दुसरीला विहिरीत ढकलणे, आणि त्यातून ययातीचे पुढचे सारे रामायण. अकरा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट कोणत्याही हडळीपेक्षा अधिक खरी वाटेल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: दारव्ह्याची मोठी आई

सर्वांचे मनापासून आभार. बुजगावण्याची कल्पना मामंजींना इतकी आवडली की सदरा कोणता द्यायचा यावर ते स्वतःच विचार करू लागले आहेत. चेटकिणीच्या वेषाविषयीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. शाळेशी मी बोलले. ‘कोणताही वेष चालेल’ असे त्यांनी सांगितल्यामुळे माझा मुलगा आता बुजगावणे होऊन जाणार आहे, म्हणजे पोशाखाचा खर्चही वाचला.

एक गोष्ट मी आमच्याकडून जोडते. पहिल्या वेच्याचा थोडा कापूस मुलांकडून वेचून घेण्याचा विचार आहे. उन्ह चढण्यापूर्वी तासभर पुरे, कारण वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना ओरखडतात आणि नव्या माणसाच्या हाताला पहिल्या ओळीतच ते कळते. त्यातली सरकी हाताने काढून सासूबाई मुलांना वाती वळायला शिकवतील आणि त्याच वाती ३१ तारखेच्या पणत्यांत लावू. कापूस झाडावरून दिव्यापर्यंत एका आठवड्यात येतो, हे माझ्या मुलांनीही एवढ्या वर्षांत नीट पाहिलेले नाही.

आता दोन शंका उरतात. कोहळा कोरण्यावर पाहुणी मुले ठाम आहेत आणि सासूबाईंचे म्हणणे असे की अख्खा कोहळा बाईमाणसाने पहिल्यांदा चिरू नये. शिवाय एवढा कोहळा वाया घालवायचा, हेही त्यांना पटत नाही. शेवटच्या दिवशी शेतात जेवण करावे असाही बेत आहे, त्यासाठी काय करावे?

उत्तर: वर्ध्याची सून

ताई, पहिली चीर मामंजींनी द्यावी आणि पुढचे कोरणे मुलांकडे सोपवावे. आमच्या घरी याच पद्धतीने सर्वांचे समाधान झाले. देठाकडचे झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरावी, म्हणजे झाकण आत पडत नाही. आपल्या कोहळ्याची साल तिकडच्या मऊ भोपळ्यापेक्षा जाड असते, म्हणून डोळे-तोंडाची भोके मोठ्या माणसाने पाडून द्यावीत आणि मुलांनी चमच्याने आतला गर खरवडावा. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात कोरलेला कोहळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो, त्यामुळे तो ३१ तारखेच्या दुपारीच कोरावा.

वाया काहीच जात नाही. खरवडलेला गर किसून गुळासोबत शिजवावा, त्यात मावेल तेवढी कणीक व चिमूटभर मीठ घालून बोंडे तळावीत. बिया धुऊन, उन्हात वाळवून, तव्यावर मीठ लावून भाजल्या की मुले येता-जाता संपवतात. दिवा लावून झाल्यावर उरलेली साल दुसऱ्या दिवशी सकाळी गाईपुढे टाकावी, मात्र मेण सांडलेला भाग आधी काढून टाकावा. मेणबत्तीऐवजी तेलाची पणती ठेवली तर तोही प्रश्न राहत नाही.

मुलांना एक गोष्ट विचारून पाहा. कंदील कोरण्याची ही चाल त्यांच्याच आयर्लंडची असून तिकडे पूर्वी सलगम कोरत असत. अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांना तेथे मोठा भोपळा सहज मिळाला आणि मग तोच रूढ झाला. मेयो परगण्यातल्या कंट्री लाइफ संग्रहालयात सलगमाच्या जुन्या कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलेली आहे आणि तिचे तोंड कोणत्याही भोपळ्यापेक्षा भेसूर आहे. त्यांना हे ठाऊक नसेल, तर आपल्या सासूबाईंनी ते सांगितल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतील. त्यांनाही त्यांचा एखादा खेळ शिकवू द्यावा. दोरीला टांगलेले सफरचंद हात न लावता खाण्याचा खेळ तिकडे हॅलोवीनला असतो. आपल्या गावची मुले शाळेत दोरीची जिलेबी खाऊन तरबेज झालेली असल्याने सामना चुरशीचा होईल.

उत्तर: मोर्शीचे गुरुजी

शेतातल्या जेवणाला रोडगे करावेत, दुसरा विचारच करू नये. गव्हाची जाडसर कणीक घेऊन तीत मीठ, ओवा आणि सढळ तेलाचे मोहन घालावे व ती घट्ट भिजवावी. एकावर एक तेल लावलेल्या पोळ्या ठेवून त्या मोठ्या पोळीत गुंडाळून गोळा करावा. हे गुंडाळण्याचे काम मुलांना द्यावे, वाकडे झाले तरी चालते. गोवऱ्यांचा जाळ होऊ द्यावा आणि धूर संपून लालबुंद निखारे झाले की रोडगे त्यावर सर्व बाजूंनी शेकून घ्यावेत, मग गरम राखेत पुरून पाऊण तास ते तासभर विसरून जावे. राख झटकून रोडगा फडक्यात धरून फोडला की आतले पापुद्रे सुटे होतात. त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण असावे. निखाऱ्यांभोवती मुलांसाठी काठीने एक रेघ आखावी आणि ती ओलांडणाऱ्याला भांडी घासायला लावावीत.

गोवऱ्या लावण्यापूर्वी जवळपास कापूस किंवा कुटार पडलेले नाही ना, हे पाहून पाण्याची बादली भरून ठेवावी. जाळ तुराट्यांनी पेटवावा. पऱ्हाट्या (कापसाची झाडे) अजून शेतात उभ्या असतील, त्या वेचणी संपल्याशिवाय कोणाला तोडू देऊ नका. जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपून घरी परतावे आणि आकाश वाशीमकर सांगतात तसे अंगणातून पाहावे, कारण तुमच्याकडे वाघ नसला तरी रानडुकराची मादी पिलांसह असली की धुऱ्यावरची वाट ती सोडत नाही.